पांढरा ठिपका धुळीचा, काळा माणसाचा

मी एनलार्जर. कॅमेऱ्याला सगळे ओळखतात. तो समोर आला की माणसं भांग नीट करतात, पदर सारखा करतात, हसतात. माझ्यासमोर कुणी हसत नाही. मी अंधाऱ्या खोलीत उभा असतो. कॅमेऱ्याने टिपलेली दोन बोटांएवढी निगेटिव्ह माझ्या डोक्यात सरकवायची, वरचा दिवा लावायचा, की तिची छाया खालच्या कागदावर हातभर मोठी होऊन पडते. फोटो काढणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं माझ्याखाली होतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तुम्ही एकमेकांना दिसता तसे मला दिसत नाही. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. काळेभोर केस माझ्याकडे पांढरे होऊन येतात, गोरा गाल काळा ठिक्कर आणि सावळा गाल उजळ. त्यामुळे गोऱ्या रंगाचं तुम्हाला जे वेड आहे, ते मला कधी कळलंच नाही.

माझा जन्म जयपूरचा, १९५८ सालच्या उन्हाळ्यातला. किशनपोल बाजारात कंदील आणि पत्र्याचे डबे करणारा एक कारागीर होता. त्याच्यापुढे माझ्या मालकाने, राजनने, वनस्पती तुपाचा रिकामा डबा, जुन्या बाजारातून आणलेल्या मोडक्या कॅमेऱ्याचा भाता आणि नळाचा एक पाइप ठेवला.

"साहब, ये बनेगा क्या? चूल्हा कि लालटेन?" कारागिराने विचारलं.

"फोटो बड़ा करने की मशीन."

"घी के डब्बे से?" तो खदखदून हसला. "फिर तो फोटो से घी की बास आएगी."

हसत हसत का होईना, त्याने मला नीट घडवलं. दिव्याच्या उष्णतेने डोकं तापेल म्हणून डब्याला भोकं पाडली. भोकांतून उजेड गळायला लागला तेव्हा वर एक टोपी बसवली. काच तेवढी जर्मन. ती राजनने मोज्यात गुंडाळून बोटीने आणली होती. आणि मला उभं करायला जो पाया लागला, तो म्हणजे घरातला जेवायला बसायचा सागवानी पाट.

"पाट नेला माझा!" राजनची आई इंदुबाई ओरडली. "जर्मनीला जाऊन हेच शिकून आला का रे? आता पाहुणा आला तर त्याला काय चौरंगावर बसवू?"

हे वझलवार कुटुंब मूळचं वर्ध्याचं. वसंतराव केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात अधिकारी होते. बदली होऊन जयपूरला आले आणि सिव्हिल लाइन्समध्ये त्यांना सरकारी घर मिळालं. थोरला राजन तीन वर्षं जर्मनीत फोटोग्राफी आणि छपाई शिकून नुकताच परतला होता. मुंबईच्या एका छापखान्याने त्याला नोकरी देऊ केली होती. ती नाकारून तो इथे आला होता, आणि जेवताना रोज बोलायचा.

"बाबा, आपल्याकडे फोटो म्हणजे लबाडी झाली आहे. मागे रंगवलेला ताजमहाल, हातात कागदाची फुलं, आणि चेहरा असा घोटलेला की सगळी माणसं एकाच साच्यातून काढल्यासारखी. स्वतंत्र देशाच्या माणसाला स्वतःचा चेहरा नको का?"

"नोकरी नको का, ते आधी सांग," वसंतराव म्हणायचे. "चेहऱ्याचं मग पाहू."

व्हरांड्याला लागून एक अडगळीची खोली होती, तिथे माझी स्थापना झाली. खिडकीवर जयपुरी रजाई ठोकली, दारावर घोंगडी. भर दुपारी आत मध्यरात्र झाली. एक लाल दिवा, तीन थाळ्या आणि मी.

पहिल्या दिवशीच फजिती झाली. राजनने फिल्म धुवायला नळ सोडला. मे महिन्यातलं जयपूरचं नळाचं पाणी, गच्चीवरच्या टाकीत उकळून आलेलं. फिल्मवरचा थर सायीसारखा सुरकुतला आणि मोरीत वाहून गेला. जर्मनीत शिकवलेलं सगळं खरं होतं. फक्त तिथे पाणी तापवावं लागे आणि इथे निववावं. त्यानंतर तो स्वयंपाकघरातल्या माठाचं पाणी पळवू लागला आणि इंदुबाई तांब्या घेऊन माठावर पहारा करू लागल्या. "पिऊन राहिले सगळे कोमट पाणी, आणि फिल्म पिऊन राहिली गार!"

आता विभाबद्दल सांगतो, कारण ही गोष्ट खरी तिची आहे.

विभा राजनची धाकटी बहीण. तेवीस वर्षांची, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणारी. सहा वर्षांची असताना वर्ध्याला तिला देवी आल्या होत्या. ती वाचली, पण दोन्ही गालांवर आणि कपाळावर वण राहिले. घरात कुणाला ते दिसत नसत. रोजच्या माणसाचा चेहरा कुणी निरखून पाहत नाही. तो बोलतो काय, हे ऐकतो. आणि विभा फार छान बोलायची.

राजन जर्मनीत असताना घरात एक गोष्ट घडून गेली होती. लग्नासाठी फोटो हवा म्हणून वसंतराव तिला बाजारातल्या एका स्टुडिओत घेऊन गेले. तिथल्या माणसाने न विचारताच निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवली आणि सगळे वण बुजवून टाकले. सगळ्यांचेच बुजवायचा, तीच रीत होती. फोटो इंदूरला गेला, पसंत पडला, मंडळी बघायला आली. विभा पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली. मुलाच्या आईने हातातला फोटो पाहिला, विभाकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला, आणि तो टेबलावर पालथा घातला. "हा फोटो नक्की कोणाचा म्हणायचा?" असं त्या म्हणाल्या. पोहे तसेच राहिले.

त्या दिवसापासून विभाने फोटो काढून घेणं सोडलं होतं. शाळेच्या वार्षिक फोटोतही ती मुलींच्या मागे वाकून बसायची.

मग पावसाळा संपता संपता घरच्यांच्या ओळखीच्या जयंतीकाकू आल्या. त्यांचे यजमान फौजेत मेजर, छावणीत राहायचे. काकूंचा भाचा दिलीप बक्षी कोट्याला चंबळच्या धरणावर इंजिनिअर होता.

"मुलगा सरळ आहे," काकू म्हणाल्या. "माझ्या वहिनीला मात्र आधी फोटो हवा. मी म्हटलं, अगं, मी पाहिलीये मुलगी. तर म्हणते, तू पाहिलीस, आम्ही कुठे पाहिलीये? मतलब, फोटो तर द्यावाच लागेल."

 विभा हातातल्या उत्तरपत्रिका बाजूला ठेवून म्हणाली, "देऊ फोटो. पण असा द्या, की मी दारात उभी राहिल्यावर त्यातली बाई कुणी शोधू नये. तेवढं एकदा झालं ते पुरे."

राजनला तर हेच हवं होतं. "विभे, तुझा फोटो मी काढतो. एक रेषा खोटी असणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तिला व्हरांड्याच्या टोकाला बसवलं. सकाळचं ऊन एका बाजूने आडवं येत होतं. त्याने जर्मन कॅमेरा अगदी जवळ नेला आणि पापणी न पापणी दिसेल असा नेम धरला. दुपारी ती निगेटिव्ह माझ्याकडे आली. राजनने कडक कागद निवडला, म्हणजे ज्यावर काळं ते कुट्ट काळं आणि पांढरं ते पांढरं फटक उमटतं. फोटो वाळायच्या आत तो तसाच हातात धरून बाहेर धावला.

"बघ! याला म्हणतात खरा फोटो!"

 भिंतीपलीकडून मला विभाचा आवाज आला, अगदी हळू. "मी अशी दिसते?"

"विभा, अगं, सत्य आहे हे..."

"जळो तुझं सत्य!" इंदुबाईंचा आवाज फाटला. "पोरीचा चेहरा आहे की उकरलेलं शेत? भाऊ म्हणून राहिला स्वतःला!"

चार दिवस विभा शाळेतही पदर गालावर ओढून गेली.  राजन कॅमेरा घेऊन बगरूला निघून गेला, कापडावर ठसे उमटवणाऱ्या छिप्यांचे फोटो काढायचं निमित्त करून. माझ्या खोलीत कुणी पाऊल टाकलं नाही.

तो परत आला त्या दुपारी विभा आपणहून आत आली. मला वाटलं, ती निगेटिव्ह फाडायला आली आहे. कदाचित तशीच आली असेल. राजन थाळ्या विसळत होता.

"दादा, एक विचारू? इतक्या जवळून मला कोण बघतं?"

राजनने हातातली थाळी खाली ठेवली.

"तू चहा पिताना समोर बसतोस. तिथून तुला काय दिसतं?"

 मग राजनने तीच निगेटिव्ह माझ्या डोक्यात सरकवली. या वेळी मऊ कागद घेतला. लाल उजेडात दोघं थाळीवर वाकले. तोच चेहरा, तेच वण, पण आता ते गालात होते, गालावर चढून बसलेले नव्हते.

"मग खरा कोणता?" विभाने विचारलं.

"दोन्ही नाहीत." राजनचा आवाज खाली गेला होता. "उजेड आडवा होता, विभा. आडव्या उजेडात गुळगुळीत भिंतसुद्धा खडबडीत दिसते. प्रत्येक खळगीची सावली लांब पडते. वर मी कडक कागद घेतला. त्या स्टुडिओवाल्याने पेन्सिलने खोटं केलं, मी उन्हाने केलं."

तो आणखी काही बोलला असता, पण विभाने माझ्या पाइपवर हात ठेवला. "हे चालतं कसं, ते मला दाखव."

तिथून माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस सुरू झाले. शाळा सुटली की विभा येऊन दार लावून घ्यायची. राजन शिकवायचा, आणि शिकवता शिकवता स्वतःही नव्याने शिकायचा.

"पूर्ण कागद एकदम वापरायचा नाही. आधी एक पट्टी काप. तिच्यावर थोडा थोडा उजेड वाढवत जा, आणि कुठे चेहरा बोलायला लागतो ते बघ."

"उजेड मोजू कसा? घड्याळ तर दिसत नाही."

"मी मनात आकडे म्हणतो."

विभा आकडे म्हणेना. ती नद्या म्हणायची. एका दमात एक नदी. "गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, तापी..." आणि हव्या त्या नदीला माझा दिवा बंद. "दादा, हा फोटो नर्मदेपर्यंत पुरे, याला मात्र महानदी लागेल." दाराबाहेरून इंदुबाई ओरडायच्या, "चंबळ आली की सांग गं!" आणि आत विभा लाजून नदी चुकायची. मग तो कागद फुकट.

"आकाश फार पांढरं येतंय? तिथे जास्त उजेड दे, बाकीच्यावर हाताची सावली धर. पण हात हलता ठेव. हात थांबला की कागदावर त्याची कड उमटते आणि पाहणाऱ्याला कळतं की इथे कुणीतरी लुडबुड केली आहे." विभाचा हात माझ्या उजेडात पाखरासारखा फिरायचा. मी पुष्कळ हात पाहिले, तसा हात नाही पाहिला.

आणि जयपूरची धूळ! आंधी आली की बंद खिडकीतून, रजाईतून, कुठूनही ती आत यायची आणि निगेटिव्हवर बसायची. फोटोवर तिचे पांढरे ठिपके पडत. ते बारीक कुंचल्याने, शाईत पाणी मिसळून, एकेक करून भरावे लागत.

"कोणता ठिपका भरायचा आणि कोणता ठेवायचा?" विभाने विचारलं होतं.

"सोपं आहे. निगेटिव्हवर धूळ बसली की तिथून उजेड खाली जात नाही, म्हणून फोटोवर पांढरा ठिपका पडतो. तीळ, वण, सुरकुती, हे सगळं काळं उमटतं. पांढरा ठिपका धुळीचा, काळा माणसाचा. धूळ आपली नाही, ती पुसायची. माणसाचं त्याला ठेवायचं."

मग एका संध्याकाळी राजन म्हणाला, "विभा, पुन्हा बसशील?"

"बसेन. पण चहा पितो तिथून काढ."

या वेळी त्याने घाई केली नाही. सूर्य घराच्या मागे जाईपर्यंत थांबला. समोरच्या भिंतीवरून परतलेला मऊ उजेड व्हरांडाभर पसरला तेव्हा त्याने खुर्ची मांडली. मागे बगरूहून आणलेलं निळं कापड टांगलं, छापा मारण्याआधीचं, साधं. इंदुबाईंना बुट्ट्यांचं हवं होतं. "बुट्ट्या असल्या की बघणारा बुट्ट्याच मोजत बसतो, आई. तू असं कर, ही पांढरी चादर धरून या बाजूला उभी राहा. तिच्यावरून उजेड पलीकडच्या गालावर जाईल."

"मी? फोटो तिचा आणि चादर मी धरू?"

"जरा वर. अजून वर. आता हलू नकोस."

वारा सुटला. चादर शिडासारखी फुगली आणि इंदुबाई तिच्यात गुंडाळल्या गेल्या. आतून आवाज आला, "अहो, काढा ना मला कुणी! हा पोरगा जीव घेऊन राहिला माझा!" विभा हसली. तोंडावर हात न घेता, पदर न ओढता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. भिंतीआड मला कॅमेऱ्याची कळ दाबल्याचा बारीक आवाज ऐकू आला.

निगेटिव्ह धुऊन, वाळवून, पाकिटात घालून खोलीतल्या फळीवर ठेवली गेली. विभाने बजावलं, "हा फोटो मीच छापणार. रविवारी."

रविवारी सगळं घर माझ्या खोलीत आलं होतं. वसंतराव दाराशी उभे होते. ते एरवी कधी आत येत नसत. विभाने निगेटिव्ह सरकवली, काच वरखाली करून नेम साधला, नद्या म्हटल्या, कागद थाळीत सोडला. केस उमटले, डोळे उमटले, हसणारं तोंड उमटलं. आणि गाल तसेच कोरे राहिले. सोललेल्या अंड्यासारखे.

"माझा नेम चुकला वाटतं," विभा पुटपुटली.

राजनने निगेटिव्ह माझ्या डोक्यातून काढली, बाहेरच्या उजेडात नेली आणि तिरकी धरली. गालांच्या जागी पेन्सिलीची करडी चकाकी होती.

"कुणी केलं हे?"

"मी नेली होती," वसंतराव म्हणाले. "गुरुवारी. त्याच स्टुडिओत."

"बाबा!"

"ओरडू नकोस. ऐकून घे." वसंतराव एक पाऊल पुढे आले. "त्या बाईने फोटो पालथा घातला तेव्हा तू नव्हतास इथे, मी होतो. पण मी म्हणतो, निदान ते लोक आले तरी! आले म्हणजे हिचं बोलणं ऐकतील, हिची हुशारी पाहतील. फोटो पाहूनच नको म्हणाले, तर ही कोण आहे हे त्यांना कळणार कसं? मला एवढंच हवं होतं, की दार तरी उघडावं."

 पुढे बोलली ती विभा.

"बाबा, दार उघडलं होतं. ते आले होते. माझं बोलणं कुणी ऐकलं हो? सगळा वेळ माझ्या गालाकडे बघत होते. मी जे काही बोलले असते, ते फोटोतल्या बाईने बोलायला हवं होतं त्यांना."

वसंतरावांनी मान खाली घातली. 

"त्याने चाकू लावला का?" राजनने विचारलं.

"मला काय ठाऊक? मी बाहेर बाकावर बसलो होतो."

प्रश्न साधा नव्हता. निगेटिव्हवर दोन प्रकारे खाडाखोड करतात. पेन्सिल चिकटावी म्हणून राळेचा पातळ लेप देतात. तो आणि पेन्सिल दोन्ही टर्पेंटाइनने निघतात. पण बारीक चाकूने थर खरवडला असेल, तर गेलेलं परत येत नाही. आणि तसं हसू पुन्हा काढायचं म्हटलं तर ते जगातल्या कुठल्या कॅमेऱ्याला जमणार होतं?

राजनने कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि हात पुढे केला. विभाने बोळा त्याच्याकडून घेतला. "माझे गाल आहेत. मी पुसते."

ती खाली बसली. हलक्या हाताने, गोल गोल, बाळाचं तोंड पुसावं तसं पुसू लागली. कापूस करडा झाला. दुसरा बोळा घेतला, तोही करडा. तिसरा कोरा निघाला. मग तिने निगेटिव्ह वाळवली आणि माझ्या डोक्यात सरकवली. दिवा लागला. मी माझं सगळं बळ त्या काचेत एकवटलं, एवढंच सांगू शकतो.

कागद थाळीत पडला. चौघांची डोकी त्याच्यावर वाकली. लाल उजेडात पहिल्यांदा केस आले, मग डोळे, मग हसू. क्षणभर गाल पांढरेच राहिले. मग हळूहळू, उजव्या गालावर एक, त्याच्या शेजारी एक, कपाळावर एक, असे वण पाण्यातून वर यायला लागले.

"आली," वसंतराव म्हणाले.  "माझी पोर आली बघ."

चाकू लागलेला नव्हता.

फोटो वाळल्यावर राजनने वसंतरावांच्या हातात कुंचला दिला आणि ठिपक्यांचा नियम सांगितला. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधणारा तो अधिकारी, चष्मा नाकावर आणून, खिडकीशी बसला. विभा शेजारी. प्रत्येक ठिपक्यापाशी ते थांबायचे.

"हा कोणाचा?"

"धुळीचा."

"आणि हा?"

"माझा, बाबा."

"हा?"

"तोही माझा."

"बरं," असं म्हणून ते पुढच्या ठिपक्याकडे वळायचे. मी शेजारून ते बघत होतो. खिडकीवरची रजाई काढलेली होती. माझ्या खोलीत एवढा उजेड मी पहिल्यांदाच पाहिला.

फोटो जयंतीकाकूंच्या हातून गेला. महिना गेला, दिवाळी गेली. काकू यायच्या, इकडचं तिकडचं बोलायच्या, विषय काढायच्या नाहीत. इंदुबाई आतून तळमळायच्या. विभा शाळेत जायची, पदर खांद्यावर ठेवून.

थंडीतल्या एका सकाळी व्हरांड्यात विभा आणि तिच्या शाळेतली सुमन मटार सोलत बसल्या होत्या. फाटकाची कडी वाजली.

"नमस्कार," एका अनोळखी पुरुषाचा आवाज आला. "तुम्ही विभा ना? मी दिलीप बक्षी. आत्याने अकरा वाजता यायला सांगितलं होतं, पण कोट्याची बस लवकर पोचली."

मटाराचे दाणे फरशीवर घरंगळल्याचा आवाज झाला.

"आणि मी विभा असते तर?" सुमनने विचारलं. ती भारी आगाऊ होती.

"नाही, तुम्ही नाही." तो गोंधळला. "म्हणजे, यांचा फोटो गेला महिनाभर माझ्याकडेच आहे. आई परत मागत होती, दिला नाही."

 मग तोच पुढे म्हणाला, "एक विचारायचं होतं. त्या फोटोत तुम्ही इतक्या कशाला हसताय? धरणावर आम्ही सगळे पैजा लावतोय."

घरात पळापळ सुरू झाली होती. इंदुबाई केस बांधत होत्या, वसंतराव कोट शोधत होते. पण व्हरांड्यात विभा बोलू लागली होती. चादरीची, वाऱ्याची, आईची गोष्ट ती सांगत होती, आणि तो ऐकत होता. मध्ये एकदा तो इतक्या मोठ्याने हसला की आत माझी काच थरथरली.

लग्न फोटोमुळे झालं असं मी म्हणणार नाही. लग्न त्या दोघांनी केलं. फोटोने एवढंच केलं, की त्यांच्या मध्ये तिसरी बाई उभी केली नाही.

त्याला आठ वर्षं झाली. राजनचा जयपुरात स्वतःचा स्टुडिओ आहे. त्याच्याकडे आता कारखान्यात तयार झालेला एनलार्जर आहे, गोऱ्या साहेबासारखा चकचकीत. मी विभाबरोबर कोट्याला आलो. निघताना इंदुबाई म्हणाल्या, "पाट माझा आहे बरं का, विसरू नका," आणि त्यालाच हळदकुंकू लावलं. डब्याला आता गंज चढलाय. भात्याला भोक पडलं तिथे विभाने औषधाची चिकटपट्टी लावली आहे. तरी महिन्यातून एखाद्या दुपारी खिडकीवर चादर चढते, आणि नद्या सुरू होतात. कॉलनीतल्या बाया निगेटिव्ह घेऊन येतात आणि म्हणतात, "विभाजी, ज़रा साफ़ कर देना चेहरा." विभा विचारते, "साफ़ मतलब? धूळ काढते. बाकी सगळं तुमचं आहे."

परवा सरकारची माणसं देवीची लस टोचायला घरोघर आली होती. पोरं पलंगाखाली लपत होती. विभा एकेकाला बाहेर काढून मांडीवर घेत होती, दंड धरत होती, आणि रडणाऱ्याला आपला गाल दाखवून सांगत होती, "हे बघ, मला कुणी टोचलं नव्हतं."

ते ऐकून मला वाटलं, एक दिवस हा रोग देशातून जाईल. जावोच. मग असा चेहरा रस्त्यात कुणाला भेटणार नाही. तो राहील फक्त जुन्या फोटोंत. तुमच्या घरातही एखाद्या ट्रंकेत तसे फोटो असतील, एखाद्या मावशीचा, एखाद्या आजोबांचा. पुढे कधी ते मोठे करून घ्यायला गेलात, तर छापणाऱ्याला एवढं सांगा, की आमची माणसं जशी होती तशीच उमटू देत. तुमच्या नातवंडांना कळू द्या, की ही माणसं त्या दुखण्यातून वाचली, आणि नंतर पोट धरून हसली.